पाहुण्याला टोकायला शिकवणारे भालेराव सर

मी सगळ्यात जास्त कुणाचा ऋणी आहे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी एक नाव घेतो, आणि आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. ते नाव म्हणजे आमचे भालेराव सर. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर आमची शाळा आहे. तिथे ते इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवत. राहायला मुरबाडला, येणं-जाणं एसटीनं, आणि एसटी चुकली तर जीपच्या मागच्या फळीवर लटकून. माझ्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. आज मी कल्याणला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो, चार माणसांत उभा राहून बोलू शकतो, आणि कुणी मला गप्प बस म्हटलं तर का बसू, असं विचारू शकतो. यातली शेवटची गोष्ट पदवीनं दिलेली नाही. ती सरांनी दिली.

सर गेल्याचं मला ग्रंथालयात पुस्तकं लावताना कळलं. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यावर निरोप आला. पाठोपाठ हात जोडल्याच्या चित्रांची रांग लागली. मी तसाच शिडीवर बसून राहिलो... आणि संध्याकाळी त्याच ग्रुपवर एक रंगीत फलक आला. वर सरांचा फोटो, खाली आमच्या शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांचा त्याहून मोठा फोटो. अध्यक्षांना सगळा तालुका ‘भाऊ’ म्हणतो. फलकावर लिहिलं होतं, ‘शांत, संयमी, मितभाषी, अजातशत्रू.’ ते वाचलं आणि माझं रडू जागच्या जागी थांबलं. चारही शब्द खोटे होते. सर शांत नव्हते, मितभाषी तर मुळीच नव्हते, आणि त्यांच्याशी वैर धरणारे लोक होते. त्यातला पहिला माणूस त्याच फलकावर हसत होता. काही आठवडे झाले, राग उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही, म्हणून लिहितो आहे.

आमची शेवटची भेट त्यांच्या मुरबाडच्या घरी झाली. तब्येत उतरली होती, पाय सुजले होते, पण खाटेवर बसल्या बसल्या वर्तमानपत्र गुडघ्यावर पसरलेलं होतंच. मी गेल्या गेल्या म्हणाले, “फोन काढ. त्या पाहुण्यांचं भाषण दाखव.” दोन दिवस सगळीकडे तीच चित्रफीत फिरत होती. एका देशाचे राष्ट्रप्रमुख दुसऱ्या देशाच्या संसदेत पाहुणे म्हणून बोलत होते. भाषण रंगात आलं असताना मागच्या रांगेतली एक खासदार बाई उठली आणि ओरडून काहीतरी बोलू लागली. तिच्या शेजारचा एक म्हातारा खासदारही उठला. रक्षक धावले, दोघांना दंडाला धरून बाहेर नेलं, बाकीच्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी काहीतरी विनोद केला, सभागृह हसलं आणि भाषण पुढे सुरू झालं. सरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. फोन कानाला लावून ऐकलं.

“काय म्हणतेय रे ती?”

“भाषा कळत नाही, सर.”

“खाली मराठीत लिहिलंय ना, ते वाच.”

मी वाचलं, “परदेशी पाहुण्यांच्या भाषणात गोंधळ, खासदारांना बाहेर काढलं.”

“ते झालं. ती म्हणाली काय?”

ते लिहिलेलं नव्हतं. मी दुसरी बातमी उघडली, तिसरी उघडली. पाहुण्यांनी कोणता कोट घातला होता ते सापडलं, दुपारी काय जेवले ते सापडलं, विनोद तर शब्दन् शब्द सापडला. बाईचं वाक्य कुठेच नव्हतं. सर खाटेवरून उठायला लागले. “अरे, निवडून आलेलं माणूस उचलून बाहेर टाकतात, आणि ते काय बोललं हे एकाही शहाण्याला लिहावंसं वाटत नाही? गोंधळ झाला म्हणे! गुरं शिरली होती का संसदेत?”

मी म्हटलं, “पण सर, पाहुणा होता...”

“पाहुण्याला चहा घरी पाजतात. संसदेत पाहुण्याला आपलं म्हणणं ऐकवायचं असतं. आता ती नुसतीच ‘चालते व्हा’ ओरडली असेल, तर मी तिच्याही बाजूचा नाही. हाकलणं वेगळं आणि विचारणं वेगळं. पण तिनं काय केलं ते आपल्याला कळू तरी द्या!” त्यांना धाप लागली. स्वयंपाकघरातून काकी, म्हणजे सरांची बायको, गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. “आदी गोली घ्या. मंग जगाची संसद चालवा,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळून, “तू पन कशाला दाकवतो रे त्यांना असलं? आता रातभर त्या बाईची वकिली चालंल हितं.” सर हसले. गोळी घेतली. त्यानंतर आठवड्याभरात ते गेले.

हे सगळं समजायला आमच्या शाळेतली अभिरूप संसद समजायला हवी. पुष्कळ शाळांत असते ती. कुणी पंतप्रधान होतं, कुणी सभापती, पाठ केलेली भाषणं होतात, पाहुणे टाळ्या वाजवतात आणि बिस्किटं वाटली जातात. सरांची संसद मागच्या बाकापासून सुरू व्हायची. आमच्या वर्गात डोळखांबकडच्या पाड्यांवरची मुलं वसतिगृहात राहायची, बाकीचे आम्ही आजूबाजूच्या गावांतले. हुशार मुलं भाषण करायला पुढे यायची. आमच्यासारखी मागे बसणारी मुलं फळ्याकडे बघत राहायची, कारण तोंड उघडलं की ‘नाय’ आणि ‘पानी’ बाहेर पडणार आणि वर्ग हसणार. सर आम्हाला म्हणाले, “तुम्हाला भाषण जमणार नाही. नका करू. तुम्ही टोका.” म्हणजे मंत्री बोलत असताना उठायचं. आपलं नाव सांगायचं, आपला पाडा सांगायचा, आणि आपल्या घरी बोलतो त्या बोलीत एकच वाक्य बोलायचं. त्यानंतर बसून उत्तर ऐकायचं. उत्तर न ऐकता जो निघून जाईल त्याची जागा गेली. आणि ज्याला टोकलं त्यानं त्या मुलाचं नाव घेऊनच उत्तर द्यायचं, नाहीतर त्याचं मंत्रिपद गेलं. दुसरे शिक्षक म्हणायचे, भालेराव पोरांना बेशिस्त शिकवतात. खरं म्हणजे एवढी कडक शिस्त मी पुढे कुठल्याही कार्यालयात पाहिली नाही.

माझ्या आयुष्यातलं पहिलं जाहीर वाक्य मी आठवीत बोललो. आमच्या वर्गातली एक उंच मुलगी परिवहनमंत्री झाली होती आणि राज्यात रस्ते कसे सुधारले ते सांगत होती. मी उठलो. “मी मंगेश दळवी, खालचा पाडा. एसटी टायमावर येत नाय, मंग उशीर झाला का छड्या आमालाच का?” वर्ग हसला, पण त्या हसण्याचा मला त्रास झाला नाही, कारण हसता हसता अर्धा वर्ग माझ्याकडे बघून ‘बरोबर आहे’ अशा माना हलवत होता. मंत्रीणबाई गांगरल्या. मग म्हणाल्या, “मंगेश दळवी यांना सांगते, एसटी खड्डे चुकवत येते.” मी सरांकडे बघितलं. ते टेबलावर हात आपटून ओरडले, “मिळालं का उत्तर? रस्ते सुधारलेत ना? मग खड्डे कुठले? बसू नकोस, विचार!” मी विचारलं. दुसऱ्या दिवशीपासून एसटीनं येणाऱ्या मुलांची उशिराची छडी बंद झाली. मुख्याध्यापकांनी तसं कधी जाहीर केलं नाही, फक्त मारणं थांबलं. माझ्या बोलण्यानं जगात काहीतरी हललं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बीए व्हायचं मी तिथे ठरवलं असं म्हणणार नाही. पण त्या आधी मी काहीच ठरवलं नव्हतं.

नववीत सरांनी संसदेत परदेशी पाहुणा आणायचं ठरवलं. खऱ्या संसदेत असे पाहुणे येतात, भाषण करतात, मग आपल्याकडे का नको? कोणत्या देशाचा पाहुणा, यावर वर्गात खूप भांडण झालं. कुणी जपान म्हणालं, कुणी अमेरिका. वसतिगृहातली यमुना खिडकीकडे बघत म्हणाली, “सर, मुंबई हा दुसरा देश नाय का?” सर खुर्चीतून उठलेच. ठरलं. मुंबई देशाचे अध्यक्ष आमच्या देशाच्या भेटीला येणार आणि इथून धरणाचं पाणी मिळतं म्हणून संसदेत आभाराचं भाषण करणार. अध्यक्ष झाला सुनील. त्याचे वडील भातसानगरला धरणावर नोकरीला होते आणि तो आमच्या गावात मामाकडे राहून शिकत होता. मामाचा कोट घालून आला, बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. भाषण त्यानं स्वतः लिहिलं होतं आणि चांगलं लिहिलं होतं... ‘आमच्या उंच इमारतींच्या शेवटच्या मजल्यापर्यंत तुमचं प्रेम पोचतं’ असं एक वाक्य अजून आठवतं.

नेमकं त्या वर्षी भाऊंनी कार्यक्रमाला मुंबईच्या एका गृहस्थांना आणलं होतं. शाळेला वर्गखोली बांधून देतील अशी आशा होती. ते पहिल्या रांगेत भाऊंच्या शेजारी बसले होते. हार झाला, नारळ झाला, संसद सुरू झाली. सुनील शेवटच्या मजल्याच्या वाक्यावर आला आणि मागच्या बाकावरून यमुना उठली. एवढीशी मुलगी, तेल लावून घट्ट वेण्या बांधलेली. “मी यमुना वारघडे, वरचा पाडा, डोळखांब. तुमचं पानी आमच्या पाड्यावरून दिसतं. दिसतं पन भेटत नाय. माझी आय हंडा घेऊन दोन डोंगर उतरते. तुमच्या शेवटच्या मजल्यावर कोन उतरतं?”

सभागृह म्हणजे शाळेची पत्र्याची शेड. सुनील बिचारा कोटाच्या बाह्या वर सारत उभा राहिला, मग नियमाप्रमाणे म्हणाला, “यमुना वारघडे यांना सांगतो...” आणि पुढे त्याला काही सुचेना. तेवढ्यात भाऊ उठले. “बंद करा हा तमाशा! कोणी शिकवलं या पोरीला? घरी आलेल्या पाहुण्याचा अपमान करता? भालेराव, हे तुमचे संस्कार?” आणि ज्यांचा अपमान झाला म्हणून हा आरडाओरडा चालला होता ते मुंबईचे गृहस्थ काय करत होते? ते पुढे वाकून यमुनाला विचारत होते, “बेटा, दोन डोंगर म्हणजे किती वेळ लागतो आईला?” भाऊंच्या आवाजात त्यांचा प्रश्न बुडाला. यमुना मात्र उत्तर द्यायला उभीच होती. तिला वसतिगृहाच्या बाईंनी दंडाला धरून बाहेर नेलं.

पुढचं मला त्या वेळी तुकड्यातुकड्यानं कळलं, पूर्ण काकींकडून फार नंतर. सरांनी लेखी माफी मागावी, असं संस्थेनं फर्मावलं. सर म्हणाले, “मुलीचं वाक्य खोटं असेल तर माफी मागतो. चला तिच्या पाड्यावर, माझ्याबरोबर या, तिच्या आईमागून एक खेप चालू. वाक्य खोटं निघालं तर तिथेच माफी लिहून देतो.” कुणी गेलं नाही. जाणं सोपं होतं, संस्थेकडे जीप होती. माफीचा कागद कोराच राहिला, म्हणून शिक्षा दुसरी झाली. अभिरूप संसद बंद. सरांकडून नागरिकशास्त्र काढून घेतलं आणि त्यांना कार्यानुभवाचे तास दिले. संविधान पाठ असलेला माणूस, त्याला सांगितलं, मुलांकडून कागदी पिशव्या करून घ्या. मला विचारा राग कसला येतो. माणसाला काढून टाकतात तेव्हा निदान दिसतं तरी. सरांना त्यांनी तिथेच ठेवलं, रोज हजेरीपटावर सही करायला लावली आणि त्यांच्या हातातून खडू काढून डिंकाची बाटली दिली.

सर हरले नाहीत, हे सांगायला मला आवडतं, पण त्यांना त्रास झाला नाही असं मी लिहिणार नाही. ते खंगले. एसटीच्या थांब्यावर पूर्वी आमच्याशी वाद घालत उभे राहायचे, ते पुढे पुढे एकटे बसायला लागले. तरी कार्यानुभवाच्या पहिल्या तासाला आमच्यापुढे जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग टाकून म्हणाले, “हात कामाला लावा. तोंडाला कुणी बंदी घातलेली नाही.” पिशव्या चिकटवता चिकटवता संसद भरायला लागली. ज्या बातमीची पिशवी हातात येईल ती बातमी मोठ्यानं वाचायची आणि कुणीतरी टोकायचं. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाताना आवाज आला की सर म्हणायचे, “डिंक वाळत नाही सर, म्हणून पोरं भांडतायत.” त्या वर्षी शाळेतल्या पिशव्या मुरबाडच्या बाजारात सगळ्यात वाकड्या होत्या, असं काकी सांगायच्या. “एक पन सरल नाय. सामान भरलं का बूड सुटायचं.”

आता शोकसभेकडे येतो. ती शाळेच्या त्याच शेडमध्ये झाली. आता तिथे पक्क्या भिंती आहेत आणि भिंतीवर भाऊंच्या नावाची पाटी आहे. पुढे सरांचा फोटो, शेजारी पांढऱ्या लुगड्यात काकी. मी मागे बसलो होतो, माझ्या पलीकडे यमुना. ती आज तिच्याच पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. तिच्या पाड्यावर उन्हाळ्यात आजही टँकर येतो, कधी येतो, कधी येत नाही. भाऊ बोलायला उठले. आवाजात कंप आणता येतो त्यांना. म्हणाले, “भालेराव सरांनी आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. कुणाला मध्येच तोडलं नाही. शिस्त म्हणजे भालेराव.” मग घोषणा केली. सरांच्या नावानं संस्था दरवर्षी वक्तृत्व स्पर्धा घेणार. विषय संस्था देईल, भाषणं आधी तपासून घेतली जातील, आणि श्रोत्यांनी संपूर्ण शांतता पाळायची. टाळ्या पडल्या.

मी इथे थांबून वाचकांना सांगतो, मला नेमकं काय सहन झालं नाही. सरांना त्रास दिला तो जुना होता, त्याच्याशी सर स्वतः लढले होते. पण आता ते बोलायला नव्हते, आणि ज्या माणसानं त्यांचं तोंड बंद केलं तोच त्यांच्या नावाची पाटी मुलांच्या तोंडावर लावायला निघाला होता. ही स्पर्धा त्या नावानं चालली असती तर वीस वर्षांनी कुणाला खरं कळलं असतं? पोरांना सांगितलं गेलं असतं, भालेराव सर नावाचे एक गुरुजी होते, ते म्हणायचे, गप्प बसा.

मी उठलो. “मी मंगेश दळवी, खालचा पाडा. भाऊ, सरांकडून नागरिकशास्त्र का काढून घेतलंत, तेवढं सांगा.”

पुढच्या रांगेतले चेहरे मागे वळले. माझ्या वर्गातल्याच एकानं माझा सदरा ओढला. “खाली बस ना रे. माणूस गेलाय, जरा भान ठेव.” दुसरा कुणीतरी म्हणाला, “शिकला का अशी शिंगं फुटतात.” भाऊ मात्र चिडले नाहीत. ते हसले. अगदी मायेनं म्हणाले, “मंगेशच्या भावना मी समजू शकतो. फार लाडका विद्यार्थी सरांचा. दुःख आहे, बाहेर पडणारच.” लोकांनी माना हलवल्या. माझा प्रश्न त्यांनी डोळ्यांदेखत पुसून टाकला आणि माझ्या हातात रुमाल दिला! त्या परदेशी संसदेतल्या बाईला निदान दंडाला धरून काढावं लागलं. मला तर जागेवरच संपवलं.

यमुना उठली. “भाऊ, मी यमुना वारघडे, तुमी मला...” तेवढ्यात भाऊंनी माईक तोंडाजवळ घेतला. “आता आपण सर्वांनी सरांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे. कृपया कुणीही बोलू नये.” खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या. यमुनाचं तोंड उघडंच राहिलं होतं, ते तिनं मिटलं. मेलेल्या माणसासाठी पाळायची शांतता कुणी अशी वापरू शकतो, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. मी मुठी आवळून उभा होतो. बोललो तर सरांचाच अपमान, न बोललो तर भाऊंचा विजय.

आणि त्या शांततेत काकींचा आवाज आला. त्या उभ्या राहिल्या नव्हत्या. खुर्चीत बसूनच, माईक नाही, काही नाही, घरात बोलतात तशा बोलल्या. “मी लक्षीमन भालेरावांची बायको. मुरबाड. ते गप बसनारे नवते. माज्यासंगं भांडायचे, पोरांसंगं भांडायचे, दवाखान्यात डाक्टरसंगं भांडले. भाऊ, तुमच्यासंगं तर लई भांडले, तुमाला म्हाईत हाय. तुमच्या स्पर्धेला ह्यांचं नाव द्याचं नाय. पोरांना गप बसवायला माज्या मानसाचं नाव द्याचं नाय.”

काकींना कोण गप्प करणार? दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही असं भाऊंनीच सांगितलं होतं. त्यांनाही बोलता येईना. मान खाली घालून ते तसेच उभे राहिले आणि मागच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, “बरोबर हाय.” मग आणखी कुणी.

त्या दिवशी संध्याकाळी मी काकींना घरी सोडायला गेलो. सरांना पोस्टानं आलेलं पत्र फार आवडायचं; नोकरी लागली, पहिला पगार झाला, बहिणीचं लग्न ठरलं, आम्ही सगळे फोन करत असू तरी ते म्हणायचे, “ते ठीक आहे, आता लिहून पाठव.” निघताना काकी म्हणाल्या, “पुडं काय झालं ते त्यांना लिव. मी वाचीन त्यांच्या फोटूपुडं. मला वाचाया त्यांनीच तर शिकवलं.” मी लिहिलं आणि मुरबाडच्या पत्त्यावर पाठवलं. ते पत्र असं...

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. संस्थेनं स्पर्धा जाहीर केली, पण तुमचं नाव काढलं. मला माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधून काढलं. भांडायचं ते भांडून झालं होतं, आता तिथे माझं काही काम नव्हतंच. राग मात्र आहे. तो जावा म्हणून लोक मला समजावतात. तुम्ही समजावलं नसतं म्हणून तुम्हालाच सांगतो आहे.

गेल्या रविवारी यमुनाच्या अंगणवाडीत संसद भरवली. पाड्यावरची मोठी-छोटी सगळी मुलं आली. काकी जीपनं आल्या आणि सभापती झाल्या. त्यांना टेबलावर आपटायला लाकडी ठोकळा दिला होता, तो त्यांनी दारात अडकण म्हणून लावला, म्हणाल्या, “माजा आवाज पुरे.” मुलांना सांगितलं, परदेशी पाहुणा येणार, मुंबई देशाचा अध्यक्ष. तर सर, अध्यक्ष व्हायला एकही मूल तयार होईना. सगळ्यांना मागेच बसायचं होतं. शेवटी यमुना मला म्हणाली, “तू रोज कल्याणला जातो, तूच हो तिकडचा.” मी झालो. आभाराचं भाषण केलं. माझ्या तोंडून ते ऐकताना मलाच लाज वाटत होती.

मध्येच एक मुलगी उठली. नाव सोनी, अजून शाळेतही जात नाही. तिनं विचारलं, “आमचा टँकर कदी येनार?” मी नियमाप्रमाणे म्हणालो, “सोनी यांना सांगतो...” चांगलं बोलून वेळ मारून नेता आली असती, तेवढा मी शिकलो आहे. पण काकी समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, “मला माहीत नाही.” ती म्हणाली, “मंग आलास कशाला?”

सगळे हसले. यमुना हसली नाही. मीही नाही. मी सोनीकडे पुढच्या रविवारपर्यंतची मुदत मागितली. काकींनी दिली, पण बजावलं की पुन्हा ‘माहीत नाही’ चालणार नाही.

उद्या रजा टाकली आहे. सकाळी यमुना आणि मी शहापूरला पाण्याच्या कार्यालयात जातो आहोत. सोनीला बरोबर नेतोय. तिच्या आईनं विचारलं, एवढ्या लहान पोरीला साहेबापुढे कशाला? मी म्हटलं, प्रश्न तिचा आहे.

आपला,
मंगेश